वीज किती लांब आहे ते कसं मोजायचं
वळवाच्या दिवसात दुपारनंतर ढग दाटून कडकडाट सुरू झाला की हे करा. वीज चमकली की लगेच सेकंद मोजायला लागा, गडगडाट ऐकू आला की थांबा. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो म्हणून आलेल्या आकड्याला 3 ने भागायचं, 9 सेकंद आले तर वीज 3 किलोमीटरवर. मोजलेले सेकंद 30 च्या आत असतील तर शेतात असा की गच्चीवर, सरळ पक्क्या घरात या, आणि प्लीज झाडाखाली थांबू नका, पाऊस आला की माणसं नेमकी तिथेच धावतात हो. शेवटच्या गडगडाटानंतरही अर्धा तास आतच बसा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲपपण मोबाईलमध्ये टाकून ठेवा, जवळपास वीज पडत असेल तर अलर्ट येतो.