बोट ट्रेलरचं हब तापत होतं, असं सोडवलं
आम्ही टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनला समुद्राच्या खाऱ्या पाण्यात बोट सोडतो, त्यामुळे ट्रेलरची वाट लागतेच. यावेळी डावं हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग बसतात) चटका बसेल इतकं तापलं, जॅकवर घेऊन चाक फिरवलं तर घरघर. उघडलं तर ग्रीस दुधाळ, म्हणजे पाणी शिरलेलं, कारण गरम हब थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. बेअरिंगबरोबर कप, म्हणजे ते ज्यात फिरतात त्या बाहेरच्या कड्याही बदलल्या (नुसतं बेअरिंग बदलून भागत नाही हां), नवं सील टाकलं, मरीन ग्रीस रोलर्समध्ये दाबून दाबून भरलं, नट आवळून जरासा सैल सोडला, नट निसटू नये म्हणून लावतात ती कॉटर पिन नवी. ब्रेक गोड्या पाण्याने धुतले. टायरची नक्षी शाबूत, पण साइडवॉलला भेगा, म्हणून तेही काढले. आता रॅम्पवर (बोट पाण्यात उतरवायच्या उतारावर) आधी हब गार होऊ देतो, मग बोट पाण्यात. बायको वैतागते, वैतागू दे.