सोलापूरला जेवायला येताय? आधी नॅपकिन धुवा

सुती कपडे घ्या, हे काय वेगळं सांगायचं? मे महिन्यात पारा ४२-४३ ला टेकतो. रंग मात्र गडद आणि छाप बारीक असू द्या. पांढरा, मोतिया घरीच. मटणाच्या रश्श्यावर तेलाचा तवंग असतो, त्यात कडक भाकरी चुरायची आणि पाची बोटांनी कालवायची. शिंतोडे उडणारच. बाही कोपराच्या वर राहील अशी हवी. सैल कफ आणि ओढणीची टोकं घासाच्या आधी वाटीत पोचतात.

आता नॅपकिन. खानावळीतला कागदी रुमाल तेलकट बोटांना चिकटतो आणि त्याचे तुकडे होतात. मांडीवर सोलापुरी टेरीचा, म्हणजे टॉवेलच्या कापडाचा, नॅपकिन हवाच, आणि तो धुतलेला हवा. दुकानातून आणला तसा कोरा नेऊ नका. कोरी टेरी रस्सा टिपत नाही, नुसती फासते, वर मांडीभर लव सोडते. गडद असेल तर ओली झाल्यावर रंगही देते. गेल्या वेळी नेमकं हेच नडलं, म्हणून पुन्हा सांगते: दोन-तीनदा धुवा, सॉफ्टनर न घालता. त्यानेही टिपणं कमी होतं. आणि बॅगेच्या तळाशी नको, हातातल्या पिशवीत ठेवा.

डाग पडलाच तर चोळू नका. टिपा, टाल्कम पावडर दाबून तेल शोषू द्या. घरी साबण लावला की हळद लाल होते, घाबरायचं नाही. धुऊन कडक उन्हात वाळत घाला, फिकी पडते.

सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन तसंच जेवायला जाणार असाल तर गुडघे झाकलेले, चपला चटकन निघणाऱ्या. खाली बैठक असेल तर तंग जीन्स नको. घरी एकदा मांडी घालून बघा, म्हणजे कळेल.

डिसेंबर-जानेवारीत हुरड्याला शेतात जाताना स्वेटर लागतो, पण लोकरीत ज्वारीची कुसं अडकतात. वरून जाड सुती शर्ट घाला. हुरडा भाजायच्या आगटीजवळ नायलॉनचं जॅकेट अजिबात नको, एका ठिणगीत भोक.

टोपी, गॉगल नेहमीचंच. पोरांना जादा शर्ट. नॅपकिन माणशी एक. धुतलेला!