दिव्यांग मुलगा निरीक्षणगृहातून घरी येतोय? या चुका टाळा

गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना चौकशीदरम्यान निरीक्षणगृहात ठेवतात. नव्या कार्यकर्त्यांचा फोन नेमका मुलगा तिथून सुटण्याच्या आदल्या संध्याकाळी येतो. "ताई, उद्या सुटतोय, आता काय करू?" आता काय कपाळ करणार! वैयक्तिक काळजी योजना, म्हणजे त्या मुलाला पुढे कोणती मदत कशी द्यायची याचा आराखडा, मुलगा आत असतानाच, त्याच्याशेजारी बसून लिहायची असते. जुनी योजना नाव बदलून चिकटवणारेही पाहिलेत. एका कर्णबधिर मुलाच्या योजनेत चक्क 'फोनवरून पाठपुरावा' होता.

पण माझी खरी चीड आहे ती 'समजलं का?' या प्रश्नावर. मुलगा मान हलवतो, आपण पुढची फाईल उघडतो. मीही हेच केलंय. १७ वर्षांचा मुलगा, सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व. परिविक्षा अधिकाऱ्यांकडे (सुटलेल्या मुलावर देखरेख ठेवणारे साहेब) सोमवारी हजेरी, दर पंधरा दिवसांनी. मी सांगितलं, त्यानं मान हलवली. दोन हजेऱ्या चुकल्या आणि शेरा पडला: 'असहकार'. घरी गेले तर भिंतीवर कोळशाच्या रेघा. पठ्ठ्यानं खरोखरच पंधरा दिवस मोजले होते! सोमवारपासून पंधरा म्हणजे मंगळवार, तिथून पंधरा म्हणजे बुधवार. दोन्ही वेळा तो गेला, साहेब बाहेर होते, कुणाला काही न विचारता परत आला. आपण चौदा दिवसांना पंधरा म्हणतो, हे त्याला कोण सांगणार?

तेव्हापासून मी विचारते, "आता तू मला सांग. कधी जायचं, कुठे, आणि साहेब नसले तर?" कॅलेंडरवरच्या तारखांना गोल त्यानंच करायचा. पहिल्यांदा मी बरोबर जाते. वेळ जातो, जाऊ दे. घाई असेल त्यानं दुसरं काम बघावं.

यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) अर्ज 'सुटल्यावर बघू' म्हणून ठेवू नका. तपासणीची तारीख मिळेपर्यंत मुलगा रिकामा बसतो आणि जुने मित्र मोकळेच असतात. फिटची गोळी चालू असेल तर चिठ्ठी आणि महिनाभराचा साठा घेऊनच बाहेर पडा.

मुलाच्या कामावर 'आधीच कल्पना दिलेली बरी' म्हणून मालकाला त्याची केस सांगणारे तर डोक्यातच जातात. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे निकाली प्रकरणाची नोंद पोलिसांनीही चारित्र्य प्रमाणपत्रासाठी उघड करायची नसते. मग आपण कोण?

आणि '१८ पूर्ण, काम संपलं' हेही नको. संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी त्याच कायद्याच्या कलम ४६ मध्ये अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यावर पायावर उभं राहण्यासाठीची, मदत आहे, नियमांप्रमाणे २१ वर्षांपर्यंत. अर्जाचे कागद वाढदिवसाआधीच जुळवून ठेवा.