मठ मोडलास, पण कशापायी?

चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आम्हाला काम मिळालं होतं: जुन्या मास्टरचं एक चित्र निवडा आणि ते आपल्या पद्धतीनं नव्यानं मांडा. मी कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान यांचं रंकाळा तलावाचं निसर्गचित्र घेतलं. कोल्हापुरात राहून दुसरं काय घेणार? आठवडाभरात झाडं, पाणी, तलावातल्या दगडी संध्यामठाचे खांब, सगळ्याचे चौकोन-त्रिकोण पाडले, वर नारिंगी-निळा फासला आणि ऐटीत इझलवर चढवलं. सर बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मठ मोडलास ते दिसतंय. पण कशापायी मोडलास?"

उत्तर नव्हतं. मग जुन्या मास्टरचं चित्र पिकासोनं नव्यानं कसं मांडलं, ते लायब्ररीत बसून नीट बघितलं.

स्पॅनिश चित्रकार वेलास्केझचं 'लास मेनिनास' हे चित्र 1656 चं. मधोमध लहानगी राजकन्या, भोवती दासी, पुढ्यात झोपाळू दांडगा कुत्रा, डावीकडे खुद्द चित्रकार, मागच्या आरशात राजा-राणी. 1957 साली पिकासोनं ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत हा विषय सोडलाच नाही. त्या मालिकेत 58 चित्रं झाली, ती आता बार्सिलोनाच्या त्याच्या संग्रहालयात आहेत. पहिलंच चित्र 194 बाय 260 सेंटिमीटरचं, आणि रंग म्हणाल तर नुसता करडा. मूळ चित्र उभं, यानं आडवं केलं. कोपऱ्यातला चित्रकार छतापर्यंत वाढवला. उजवीकडच्या बंद खिडक्या उघडल्या. त्या दांडग्या कुत्र्याच्या जागी स्वतःच्या घरात वावरणारा लुम्प आणला, आखूड पायांचा डॅक्सहुंड! तो लुम्प बघून मला हसू आलं आणि तिथंच माझी चूकही कळली. पिकासोनं मोडलं त्या प्रत्येक गोष्टीला कारण होतं. मी मोडलं कारण मोडलेलं 'मॉडर्न' दिसतं.

म्हणून नव्या पोरांना सांगतो, रंगाला लगेच हात लावू नका. आधी मूळ चित्राची मुकाट कॉपी करा, चौकटी आखून, पेन्सिलीत. कंटाळा येतो, येऊ दे. मोबाइलवरच्या फोटोवर तर अजिबात विसंबू नका, त्यात हिरवा हमखास भडक येतो. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आबालाल यांची चित्रं आहेत, ती समोर उभं राहून बघा. मग पोस्टकार्डाएवढ्या कागदावर नुसत्या काळ्या-करड्यात पाच-सहा मांडण्या करा. उजेड कुठनं येतो हे त्यात सापडलं नाही, तर रंगात सापडत नाही.

मी रोज तिन्हीसांजेला रंकाळ्यावर जाऊन बसायला लागलो. आबालाल यांच्या चित्रातलं पाणी निवांत. माझ्यासमोर जलपर्णी, भेळेच्या गाड्यांचे पांढरे दिवे, मागं हॉर्न. दिव्यांचा उजेड पाण्यापर्यंत पोचायच्या आधीच जलपर्णीवर अडकत होता. हे त्यांच्या चित्रात नव्हतं आणि माझ्याकडं भरपूर होतं. मग आडवं चित्र उभं केलं, जलपर्णी खालून वर चढवत नेली, मठाचं फक्त छप्पर ठेवलं.

सबमिशनला मोठा कॅनव्हास मधोमध लावला आणि बाजूला नऊ छोटे कागद. सरांनी मोठ्याकडं एकदा बघितलं, मग चौथ्या कागदापाशी वाकले. "ह्यात पाणी अडलंय," म्हणाले, "मोठ्यात नुसतं हिरवं झालंय."

मोठा अजून कॉटखाली आहे.