शेवभाजी बिघडली तर गल्ल्यावर काय बोलावे

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात धुळ्याच्या अलीकडे, महामार्गालगतच्या एका हॉटेलात आम्ही पाच जण दुपारी जेवायला थांबलो होतो. शेवभाजी पाऊण तासाने आली तेव्हा तिच्यातील शेवेचा पार गोळा झाला होता, रस्सा कोमट होता आणि भाकरी संपल्याचे सांगून वेटरने न विचारताच तंदुरी रोट्या आणून ठेवल्या होत्या. भूक लागलेली असल्यामुळे आम्ही कुरकुरत सगळे संपवले आणि बिल देताना गल्ल्यावर बसलेल्या शेठजींना भाजी किती वाईट होती ते सविस्तर ऐकवले. त्यांनी शांतपणे आमच्या टेबलाकडे पाहिले. तिथल्या एकाही वाटीत रस्सा उरलेला नव्हता. "साहेब, तेव्हाच सांगायचं ना," एवढेच ते म्हणाले, आणि त्या क्षणी त्यांची बाजू माझ्यापेक्षा भक्कम होती हे मला कबूल करावे लागते.

तेव्हापासून मी एक रीत पाळतो. तक्रार दुसऱ्या-तिसऱ्या घासालाच करायची, जो माणूस काही बदलू शकतो त्याच्याकडेच करायची आणि तिच्या शेवटी एक नेमकी मागणी ठेवायची. गल्ल्यावर नुसता संताप ओतल्याने पदार्थही बदलत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत.

निम्मी निराशा मात्र ऑर्डर देतानाच टाळता येते. रविवारची दुपार, लग्नाची दाट तीथ आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपासचे दिवस यांत आपल्याकडील, खान्देशातील हॉटेलांवर ताण असतो, आणि आता टेबलांच्या जोडीला पार्सलची रांगही त्याच भट्टीवर लागलेली असते. अशा वेळी मेनूकार्ड उघडण्याआधी वेटरला "आज लवकर काय मिळेल आणि कशाला वेळ लागेल?" असे विचारावे. बट्टी आधी शिजवून मग तळावी लागते आणि मांडे तर खापरावर एकेक करून भाजावे लागतात, त्यामुळे हे पदार्थ दहा मिनिटांत समोर आले तर उलट शंका घ्यावी. भरताचे गणित ऋतूवर चालते. यावल तालुक्यातील बामणोदच्या परिसरात होणारी हिरवट-पांढरी, कमी बियांची मोठी वांगी हिवाळ्यात भरात असतात. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. मे महिन्यात हॉटेलात भरीत मागवून त्यात धुराचा वास शोधणाऱ्याने थोडा दोष स्वतःकडेही घ्यावा, असे माझे मत आहे. तिखटाबद्दलही आधीच बोलावे. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांसाठी "मध्यम" असे सांगितले तरी खान्देशातले मध्यम हे त्यांच्या घरच्या तिखटाच्या पलीकडचे असते, म्हणून त्यांच्या भाजीसाठी "तर्री न घालता द्या" असे स्पष्ट सांगणे बरे.

पदार्थ समोर आल्यावर तो आपल्याला आवडला नाही, तो नीट बनला नाही की तो खाण्यालायकच नाही, हे आधी ठरवावे लागते, कारण या तिन्ही गोष्टींची दाद वेगवेगळ्या ठिकाणी मागायची असते. शेवभाजीचेच उदाहरण घेऊ. कांदा, सुके खोबरे, लसूण, धने आणि खडा मसाला काळपट होईपर्यंत भाजून केलेल्या वाटणाचा रस्सा बहुतेक हॉटेलांत सकाळीच तयार असतो. ऑर्डर आली की तो कढईत उकळायचा आणि जाड, तिखट शेव अगदी शेवटी सोडायची एवढेच काम उरते. म्हणून शेवेचा लगदा झाला असेल, तर भाजी वाढल्यानंतर ती बराच वेळ स्वयंपाकघराच्या फळीवर वाट पाहत पडून होती असे समजावे. रस्सा कडू लागला तर मसाला करपला आहे, घशाशी कच्च्या लसणाची चव राहिली तर वाटण नीट परतलेले नाही. हे बनवण्यातले दोष आहेत आणि ते तिथल्या तिथे दुरुस्त होऊ शकतात. वरचा लाल तेलाचा तवंग मात्र दोष नव्हे. ती आपली तर्री आहे आणि तिच्यासाठीच कित्येक लोक येतात. आंबूस वास, तोंडात बुरसट चव किंवा ताटात केस, झुरळ, काच असे काही आढळले, तर मात्र चवीचा मुद्दा संपतो आणि खाणे तिथेच थांबवायचे असते.

बनवण्यातला दोष असेल तर दोन घासांनंतर ताट तसेच ठेवून वेटरला जवळ बोलवावे. त्याचा आवाज चढेल असे काही बोलू नये, कारण भाजी त्याने केलेली नसते आणि उशीरही बहुधा त्याच्या हातात नसतो; अनेकदा तो सतरा-अठरा वर्षांचा मुलगा असतो आणि ग्राहक व आचारी यांच्यामध्ये दोन्हीकडची बोलणी खात असतो. त्याला फक्त इतके सांगावे, "दादा, भाजी थंड आहे आणि शेव भिजून गेली आहे. ताजी करून द्या, शेव वेगळ्या वाटीत आणा." या वाक्यात दोष, मागणी आणि ती पूर्ण करण्याचा मार्ग असे सारे आले. "काय बकवास जेवण आहे तुमचं!" या वाक्यावर त्याला करण्यासारखे काहीच नसते, म्हणून तो नुसता उभा राहतो आणि आपला पारा आणखी चढतो. शेव वेगळी मागवण्याची युक्ती मला एका ट्रकचालकाने सांगितली, आणि तेव्हापासून मी ती भाजी बिघडण्याची वाट न पाहता पहिल्याच ऑर्डरला वापरतो.

वेटरकडून काम झाले नाही तर उठून गल्ल्यावर जावे. टेबलावरून हाक मारून मालकाला बोलावण्यापेक्षा हे बरे, कारण भरलेल्या हॉलमध्ये चार गिऱ्हाइकांसमोर कोणताही मालक आधी आपली इज्जत सांभाळतो आणि मग भाजीचा विचार करतो. शेजारी उभे राहून हळू आवाजात सांगितले की तोच माणूस बहुधा लगेच भटारखान्याकडे ओरडतो. मागण्यासारख्या गोष्टी तीनच असतात: पदार्थ बदलून देणे, तो बिलातून काढणे किंवा त्याऐवजी दुसरा पदार्थ देणे. यांतली एकच निवडावी. अर्धी प्लेट संपल्यावर पूर्ण पैसे परत मागणे मला स्वतःला पटत नाही, आणि ते सहसा मिळतही नाहीत.

सोबत पाहुणे असले की मोठी अडचण होते. आपल्याकडे यजमानाने ताटावर नाव ठेवणे कमीपणाचे मानतात आणि पाहुणाही "राहू द्या हो, चांगलं आहे" असे म्हणत थंड वरणात बट्टी कुस्करत राहतो. अशा वेळी हात धुण्याच्या निमित्ताने उठावे आणि गल्ल्यावरचे बोलणे आटोपून यावे. व्याही मंडळींसमोर वाद घालून मिळवलेल्या ताज्या भाजीला चव राहत नाही.

उशिराबाबतही आधी वेळ ठरवून घेतली की बोलणे सोपे जाते. ऑर्डर देताना "किती वेळ लागेल?" असे विचारून घड्याळ पाहावे आणि सांगितलेल्या वेळेवर दहा मिनिटे जाऊ द्यावीत. त्यानंतर "भाऊ, आमनी भाजी कव्हय येई?" असे अहिराणीत विचारले तर धुळे-अमळनेर पट्ट्यात चेहऱ्यावरचा ताण पुष्कळदा हलका होतो, हा माझा अनुभव आहे. त्याच वेळी ऑर्डर खरोखर आत गेली आहे का, हे मात्र पक्के करून घ्यावे; विसरलेली चिठ्ठी हे उशिराचे फार नेहमीचे कारण आहे. पदार्थ अजून कढईवर चढला नसेल आणि आपल्याला थांबणे शक्य नसेल, तर ऑर्डर रद्द करत असल्याचे गल्ल्यावर सांगून मगच उठावे. न सांगता निघून गेल्यास मागाहून केलेल्या तक्रारीत जोर उरत नाही.

बिल हा वेगळा विषय आहे, पण निराश झालेला माणूस ते न वाचता पैसे टाकून निघतो म्हणून थोडे सविस्तर सांगतो. न आलेल्या रोट्या आणि परत पाठवलेली भाजी बिलात आहे का ते आधी पाहावे. साध्या हॉटेलात जीएसटी ५ टक्के लागतो आणि तो अडीच-अडीच टक्क्यांच्या दोन ओळींत दिसतो. हॉटेल छोट्या व्यावसायिकांसाठीच्या कंपोझिशन योजनेत असेल तर मात्र त्याला ग्राहकाकडून हा कर वेगळा घेता येत नाही आणि तसे बिलावर लिहिणेही त्याच्यावर बंधनकारक असते. सेवाशुल्क आपल्या भागात क्वचित दिसते, तरी नव्या फॅमिली रेस्टॉरंटांत ते आढळू शकते. ते आपोआप बिलात जोडू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजीच्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या सूचना कायम ठेवल्या. त्यामुळे ते काढून टाकण्यास निःसंकोच सांगावे. पाण्याच्या बाटलीवरून मात्र भांडू नये. हॉटेलात बसून प्यायलेल्या बाटलीला छापील किमतीहून जास्त दर लावता येतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे. त्याऐवजी सुरुवातीलाच जगमधले साधे पाणी मागावे.

आता खाण्यालायक नसलेल्या अन्नाविषयी. ताटात काही सापडले तर ते बाजूला काढून फेकू नये, वेटरला नेऊही देऊ नये. जसे आहे तसे, शक्यतो टेबल आणि हॉटेलचा अंतर्भागही दिसेल असे दोन-तीन फोटो काढावेत, मालकाला प्रत्यक्ष दाखवावे आणि त्या पदार्थाचे पैसे माफ होत असले तरी बिल मागून घ्यावे. बिलाशिवाय आपण तिथे जेवलो हेच सिद्ध करणे अवघड होते. या बिलावर १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा परवाना किंवा नोंदणी क्रमांक, असणे १ जानेवारी २०२२ पासून सक्तीचे आहे. तो नसेल तर तीही तक्रारीतली एक बाब होते. तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करायची असते. त्यांचा निःशुल्क क्रमांक १८००२२२३६५ आहे. तारीख, वेळ, पदार्थ, बिलाचा क्रमांक आणि फोटो एवढे दिले की अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला तपासणीसाठी धागा मिळतो.

उरलेली भाजी डब्यात भरून आपणच प्रयोगशाळेत नेऊ, असे अनेकांच्या मनात येते. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार ग्राहकाला शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते आणि अन्न निकषांत बसले नाही तर ते शुल्क परतही मिळते; परंतु तपासणीचा आपला इरादा खरेदीच्याच वेळी विक्रेत्याला सांगावा लागतो. जेवायला बसताना असे कोण सांगतो? म्हणून अधिकाऱ्याला कळवण्याचाच मार्ग व्यवहार्य ठरतो. जेवणानंतर उलट्या-जुलाब झाले तर डॉक्टरांना कुठे आणि काय खाल्ले ते सांगून ते केसपेपरवर लिहून घ्यावे, आणि सोबत जेवलेल्या इतरांनाही त्रास झाला का याची नोंद करावी.

पैशांचा वाद मिटला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते आणि तिथून संबंधित व्यावसायिकाशी संपर्क साधला जातो. त्यापुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते, म्हणजे नाशिकमध्ये जेवलेल्या जळगावकराला जळगावातच दाद मागता येते. मुदत दोन वर्षांची आहे, वकील सक्तीचा नाही आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क लागत नाही. तरीही दोनशे रुपयांच्या भाजीसाठी आयोगाच्या तारखा करणे परवडत नाही. आजारपण, उद्धट वागणूक किंवा बेकायदा वसुली असेल तरच तिथवर जावे, असे मी सुचवेन.

इंटरनेटवर हॉटेलला तारांकने देताना, मी घरी येऊन चहा घेतल्याशिवाय लिहायला बसत नाही. दिवस, वेळ, पदार्थ, आपण काय सांगितले आणि मालकाने काय केले एवढे लिहिले की पुढच्या गिऱ्हाइकाला उपयोग होतो. दुरुस्ती करून दिली असेल तर तेही लिहावे. आचाऱ्याची जात-गाव काढणारे आणि न पाहिलेल्या उंदरांविषयी लिहिणारे लोक मालकाला फक्त दुर्लक्ष करायला शिकवतात.

एखाद्या हॉटेलला दुसरी संधी द्यायची असेल, तर गर्दीचा वार टाळून मंगळवारी-बुधवारी दुपारी बाराच्या सुमारास जावे, जो पदार्थ बिघडला होता त्याचीच हाफ प्लेट मागवावी आणि भाकरी तव्यावर आहे का ते विचारावे. धुळ्याच्या अलीकडच्या त्या हॉटेलात मी गेल्या पौषात असाच गेलो. शेठजींनी ओळखले नाही. शेव वेगळ्या वाटीत मागितली तेव्हा वेटरने आत आवाज दिला आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी फुगलेली, गरम अशी ताटात आली. रस्सा मात्र या खेपेला किंचित खारट होता, आणि तो मी दुसऱ्या घासालाच परत पाठवला.