इंग्रजी आडनावातलं गाव कसं शोधायचं

अनुवादित चरित्रं तपासता तपासता मला इंग्रजी आडनावं सोलायचा नाद लागला. तुम्हालाही लागला असेल तर सुरुवात शेपटापासून करा. 'कर' दिसला की आपण जसं गाव विचारतो, तसंच. 'टन' म्हणजे शेतवाडी, 'हॅम' म्हणजे वस्ती, 'ली' म्हणजे रानातली मोकळी जागा, 'फर्ड' म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा. 'बी' किंवा 'थॉर्प' दिसलं तर आधी इंग्लंडचा उत्तर आणि पूर्व भाग धुंडाळा, कारण हे शब्द तिथे डेन्मार्ककडून आलेल्या डेन लोकांनी रुजवले.

मग पुढचा भाग, आणि इथेच फसगत होते. वॉशिंग्टनमध्ये धुणंबिणं काही नाही. ह्वॅसा नावाचा कोणी माणूस, 'इंग' म्हणजे त्याच्याशी नातं, आणि 'टन' म्हणजे वाडी: ह्वॅसाची वाडी. चर्चिल तर त्याहून लबाड. चर्च आणि टेकडी इतकं सरळ वाटतं, पण या नावाच्या बऱ्याच गावांत पहिला तुकडा 'क्रुग' या, इंग्रजीच्या आधी तिथे बोलल्या जाणाऱ्या ब्रिटिश भाषेतल्या शब्दाचा आहे. त्याचा अर्थही टेकडीच! म्हणजे टेकडी-टेकडी.

म्हणून आजच्या स्पेलिंगवर विसंबू नका, सर्वांत जुनं शोधा. त्यासाठी १०८६ चं डूम्सडे बुक, म्हणजे राजाने करवलेली इंग्लंडच्या जमिनींची नोंदवही, उत्तम. जॉर्ज वॉशिंग्टनच्या आडनावातलं वॉशिंग्टन गाव मात्र मी त्यात उगाच शोधत बसले. ते उत्तर इंग्लंडच्या डरहॅम परगण्यातलं, आणि त्या परगण्याची नोंद त्यात घेतलेलीच नाही. तिथे ११८३ चं बोल्डन बुक, म्हणजे डरहॅमच्या बिशपच्या जमिनींची नोंदवही, लागतं. विल्यम द हर्टबर्न या सरदाराने हर्टबर्न देऊन त्याबदल्यात वॉशिंग्टन घेतल्याचं त्यात सापडतं. पुढे त्याने नावही नव्या गावाचं लावलं. जॉर्ज वॉशिंग्टन त्याच्याच वंशातला.

जमीनदाराचं असं असे. साध्या माणसाचं उलट: गावाचं नाव त्याला बहुधा गाव सोडल्यावरच चिकटायचं. न्यूटनमध्ये सगळेच न्यूटनचे. तिथे कोणाला न्यूटन म्हणून काय ओळख पटणार? तेव्हा आडनावाचं गाव म्हणजे घराणं जिथे नांदलं ते गाव, असं धरू नका. आयझॅक न्यूटन जन्मला तो लिंकनशरमधल्या वुल्सथॉर्पला.

त्यात न्यूटन म्हणजे 'नवी वाडी', आणि अशा नव्या वाड्या इंग्लंडभर. अशा वेळी चर्चच्या नोंदवह्या चाळा. त्या ठेवायचा हुकूम १५३८ चा. आडनाव सुरुवातीला कोणत्या भागात दाटीने येतं ते पाहा आणि त्याच्या आसपासचं न्यूटन आधी तपासा.

इतकं करूनही गाव सापडलं नाही, तर झाड शोधा. नॅश नावाचं गाव बघायच्या आधी 'ॲटन ॲश' म्हणून पाहा, म्हणजे ॲशच्या झाडापाशी राहणारा. बोलता बोलता 'ॲटन'मधला 'न' सुटला आणि झाडाला जाऊन चिकटला.