सुमाक नको, धायटी लावा: घराभोवतीच्या झुडपांसाठी पावसाळ्याच्या तोंडावरचा सल्ला

मृग जवळ आला की रोपांची चौकशी सुरू होते. अलीकडे त्यात एक नवं नाव ऐकू येतं, बुटकं सुमाक. लेक-जावई अमेरिकेत असतात, तिथल्या दारासमोर गुडघाभर उंचीचं, आडवं पसरलेलं, ऑक्टोबरात शेंदरी-लाल होणारं झुडूप असतं. त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो आणि लातूर-अंबाजोगाईत नवं घर बांधलेल्या माणसाला वाटतं, हेच आपल्या उतारावर हवं. पाणी कमी लागतं, माती कसलीही चालते, मग आपल्याकडे का नको? प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तरही नीट देतो.

फोटोतलं झुडूप बहुतेक वेळा 'ग्रो-लो' जातीचं सुगंधी सुमाक असतं. मूळचं उत्तर अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागातलं. उंची जेमतेम दोन फूट, पसारा मात्र सहा ते आठ फूट. पान बेलासारखं त्रिदल, चुरगळलं की उग्र वास येतो. पानं फुटायच्या आधी बारीक पिवळी फुलं येतात, नंतर लवदार लाल फळं. जमिनीला टेकलेल्या फांद्यांना मुळ्या फुटतात, त्यामुळे ढाळाची माती धरून ठेवायला ते तिथे रस्त्याकडेलाही लावतात. हलक्या, कोरड्या जमिनीत ते खरोखर चांगलं येतं. 'टायगर आइज' नावाचं पिवळ्या पानांचं दुसरं सुमाकही फोटोंत दिसतं. ते वेगळ्या प्रजातीचं असून माणसाच्या उंचीइतकं वाढतं.

काहींना सुमाक म्हटलं की विषाची भीती वाटते. अंगावर फोड आणणारं 'विषारी सुमाक' हे वेगळं झाड आहे, शोभेच्या जातींत ते विष नाही. पण घराणं एकच, आंबा, काजू, चारोळी आणि बिब्ब्याचं. ज्यांना बिब्बा उततो त्यांना हे घराणं वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

आता अडचण. या झुडपाला खरा हिवाळा लागतो. तिथे दिवस लहान होतात, रात्री गारठतात, पानातलं हिरवं द्रव्य ओसरतं आणि लाल रंग वर येतो. पुढे काही महिने ते बर्फात झोपून राहतं. परभणीत डिसेंबर-जानेवारीत पारा एखाद्या वर्षी पाच-सहा अंशांवर येतो हे खरं, पण ते चार दिवसांचं काम. दुपारी पुन्हा ऊन तापतं. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंश आणि त्याच्या पाठोपाठ भारी काळ्या जमिनीत साचणारं पावसाचं पाणी, या दोन्ही गोष्टी त्याला मानवणाऱ्या नाहीत. ज्या लाल रंगासाठी लावायचं तो रंगच आपल्याकडे भरवशाने यायचा नाही.

आणखी एक. येताना बॅगेत फांद्या किंवा बी घेऊन या, असं पोरांना सांगू नका. परदेशातून बी-रोपं आणायला २००३ च्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेशानुसार आयात परवाना आणि तिथल्या सरकारचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. हा नियम निव्वळ कागदी नाही. गाजरगवत आपल्या बांधावर कुठून आलं, ते आठवा.

त्यापेक्षा आपल्या डोंगरात काय आहे ते बघू. उतारावर पसरणारं, मुरमात तगणारं आणि वर्षातून एकदा लालभडक होणारं झुडूप आपल्याकडे आहे, धायटी. अजिंठ्याच्या आणि माहूर-किनवटच्या डोंगरउतारांवर माघ-फाल्गुनात तिच्या कमानीसारख्या वाकलेल्या फांद्या फुलांनी भरून जातात. फूल म्हणजे बोटाच्या अर्ध्या पेराएवढी लाल नळी. ती लवकर गळत नाही, बोंड तयार होईपर्यंत त्याला धरून राहते, म्हणून रंग बरेच दिवस टिकतो. या फुलांवर शिंजीर पक्षी हटकून येतो. वैद्यांना धायटी ठाऊक असते ती आसव-अरिष्टांमुळे, त्यांचं आंबवण घडवायला हीच फुलं घालतात.

लागवडीआधी एकच परीक्षा करा. जिथे झुडूप लावायचं तिथे दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या, संध्याकाळी पाण्याने काठोकाठ भरा. ते जिरलं की पुन्हा भरा आणि सकाळी बघा. खड्डा कोरडा असेल तर निर्धास्त लावा. तळाला पाणी उभं असेल तर त्या जागी खड्ड्यात काहीही लावू नका. काळ्या जमिनीतला खड्डा पावसाळ्यात हौदच होतो, मुळ्या कुजतात आणि झाड का वाळलं म्हणून आपण वर आणखी पाणी घालतो. अशा जागी एक-दीड फूट उंच वरंबा करा, निम्मी माती आणि निम्मा मुरूम घेऊन, आणि रोप त्याच्या माथ्यावर लावा. नव्या घरांभोवती बांधकामाचा राडारोडा पुरलेला असतो. सिमेंटची ढेकळं आणि चुना वेचून काढा, विटांचे तुकडे राहिले तरी चालतील.

खड्ड्यात निघालेली माती, त्यात दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत आणि मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड एवढं पुरे. युरिया नको. डोंगरातल्या झाडाला जास्त खायला घातलं तर नुसता पाला वाढतो, फूल कमी येतं. दोन झुडपांत पाच-सहा फूट अंतर ठेवा. लावताना मोकळं दिसतं म्हणून मध्ये आणखी रोपं कोंबायचा मोह होतो, तो टाळा. उतार असेल तर प्रत्येक रोपाच्या खालच्या अंगाला चंद्रकोरीसारखा वीतभर उंचीचा बांध घाला, म्हणजे वरून वाहून येणारं पाणी तिथे थबकेल.

वेळ कोणती? पहिल्या वळवाला भुलू नका. जमीन वीतभर खोल भिजली की मग रोप लावा, साधारण आर्द्रा ते पुनर्वसू. त्याच दिवसांत सोयाबीन-कापसाच्या पेरणीची घाई असते, अंगणाकडे बघायला कोणाला सवड नसते. म्हणून खड्डे मे महिन्यातच घेऊन ठेवा, उन्हात ते तापूनही निघतात. पाऊस पडला की रोप लावायला अर्धा तास लागतो.

रोपं बाजारातल्या शोभेच्या नर्सरीत सहज मिळतील असं नाही. वन विभाग आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत विचारा. बी मिळालं तर ते तंबाखूच्या चुऱ्याहून बारीक असतं. बारीक रेतीत मिसळून ट्रेमध्ये वरच्यावर भुरभुरा, मातीने झाकू नका, आणि पाणी झारीने न घालता ट्रे खालून भिजू द्या. पुढे रोपाची पानं उलटून पाहाल तेव्हा त्यावर बारीक काळे ठिपके दिसतील. ती झाडाची मूळ खूण आहे, रोग नव्हे. त्यासाठी दुकानातून बुरशीनाशक आणू नका.

पाण्याचं म्हणाल तर २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी लातूरकर विसरलेले नाहीत. तिथे कोणी लॉन लावा म्हणालं तर मला नवल वाटतं. धायटीला पहिला उन्हाळा आठ-दहा दिवसांनी घागरभर पाणी द्यावं लागतं, दुसऱ्या उन्हाळ्यात तीन आठवड्यांनी, पुढे बहुतेक गरज पडत नाही. बुडाशी सोयाबीनचं भुसकट किंवा उसाचं पाचट तीन-चार बोटं जाड पसरा, पण खोडापासून वीतभर लांब ठेवा, नाहीतर वाळवीला आयतं घर मिळतं. घरातल्या आरओ फिल्टरचं टाकाऊ पाणी रोज झाडांना ओतायची पद्धत पडली आहे. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार आधीच भरपूर, फिल्टरमधून निघालेल्या पाण्यात ते आणखी दाट होतात, आणि भारी जमिनीतून ते लवकर निचरत नाहीत. ते पाणी फरशी धुवायला वापरा. चुनखडीच्या जमिनीत कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या तर लोह कमी पडतंय असं समजा. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल घालून सकाळी फवारा.

कुंपणाची ओळ हवी असेल तर धायटीपेक्षा जखमी नावाचं झुडूप बरं. ती बारमाही हिरवी राहते, पानं चकचकीत आणि बोटाला चिकट लागणारी. फळांना कागदासारखे पंख असतात, पिकताना ते गुलाबी-लाल होतात. शेळ्या-गुरं सहसा तोंड लावत नाहीत, आणि मोकाट जनावरांच्या गावात ही मोठी जमेची बाजू आहे. बी कठीण कवचाचं असतं. उकळून चुलीवरून उतरवलेल्या पाण्यात टाकून रात्रभर तसंच राहू द्या, सकाळी पिशव्यांत पेरा. ओळीत दीड-दोन फुटांवर लावून कात्रीखाली ठेवलं की कंबरेइतकी दाट भिंत होते. पाणी साचलेलं मात्र तिलाही चालत नाही.

नर्सरीवाले हिरव्यागार भिंतीसाठी कोनोकार्पस पुढे करतील, भराभर वाढतो म्हणून. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आपल्याकडे मिळतो म्हणून तो घ्यावा असं मला वाटत नाही. रंगीत घाणेरीही नको, माळरानं तिने आधीच व्यापली आहेत.

छाटणीत घाई करू नका. दिवाळीच्या साफसफाईत अंगणातली सगळी झुडपं एका उंचीला कापून काढायची सवय असते. धायटीची फुलं जुन्या फांदीवर येतात, ऑक्टोबरात कापली तर फाल्गुनात हाती काही लागत नाही. फुलं उरकली की चैत्राच्या शेवटी किंवा वैशाखात, वळवाआधी, सर्वांत जुन्या फांद्यांपैकी तिसरा हिस्सा बुडापासून काढा आणि बाकीच्यांची फक्त टोकं मारा. बी धरायचं असेल तर दोन-चार फांद्या बोंडं तपकिरी होईपर्यंत राखून ठेवा.